न पडलेल्या गारांचा हिशेब

ज्या मुलखात बर्फ पडत नाही त्या मुलखाने हिवाळ्याचे भय का बाळगावे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. नाशिक जिल्ह्याची थंडी आजवर प्रकृतीला मानवणारी आणि द्राक्षाच्या बागांना पोषक म्हणूनच नावाजली गेली. तथापि अलीकडे दिवाळी सरली, की या जिल्ह्यातील गावागावांत आभाळाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची व गारपिटीची शक्यता आहे, एवढे एक वाक्य हवामान खात्याकडून येते आणि लाखमोलाची पिके, हजारो माणसांचा रोजगार व बाजारातील भाव त्या वाक्यातील ‘तुरळक’ आणि ‘शक्यता’ या दोन शब्दांवर टांगले जातात. गारा पडल्या तर नुकसानीची मोजदाद होते. न पडल्या तर अंदाज चुकला म्हणून खात्याची थट्टा होते. परंतु न पडलेल्या गारांचाही एक हिशेब असतो, आणि तो कोणाला तरी चुकता करावा लागतो. तो कोण चुकता करतो, हे पाहावयाचे असेल तर द्राक्षबागांच्या निफाडकडे पाठ करून पश्चिमेकडील हरसूलकडे पाहिले पाहिजे.

प्रथम या भयाला आधार आहे काय, ते पाहू. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर जी गारपीट झाली, ती जाणत्या शेतकऱ्यांनाही अपूर्व वाटली. एरवी गारा एखाद्या शिवारावर पाच-दहा मिनिटे पडतात. त्या वर्षी त्या दिवसांमागून दिवस, जिल्ह्यांमागून जिल्हे झोडपीत गेल्या. गहू, हरभरा, कांदा, द्राक्ष, डाळिंब यांपैकी काहीच वाचले नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली उतरला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसासह गारा कोसळल्या आणि निफाड परिसरातील बागा ऐन हंगामाच्या तोंडावर उद्ध्वस्त झाल्या. आपल्याकडे हिमवादळ येत नाही हे खरे. परंतु सौम्य हवामानाच्या प्रदेशात अकस्मात येणारे हिवाळी संकट म्हणजे काय, याचा अनुभव या जिल्ह्याला पुरेसा आहे.

मग या संकटाची वर्दी वेळेवर व नेमकी का मिळत नाही? यात खात्याच्या आळसापेक्षा निसर्गाच्या घडणीचा भाग मोठा आहे. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारतावरून जातात. त्यांची द्रोणी दक्षिणेकडे खोल उतरली म्हणजे महाराष्ट्रावर उंचावर थंड हवा येते. त्याच वेळी अरबी समुद्रावरून अथवा बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली असली, की हवा वेगाने वर चढते, उंच ढग उभे राहतात आणि त्यांत गारा धरतात. ही सर्व सामग्री जुळून येत आहे, हे दोन-चार दिवस आधी सांगता येते. परंतु त्यातून उभा राहणारा प्रत्येक ढग काही किलोमीटरांचा व तासा-दोन तासांच्या आयुष्याचा असतो. तो दिंडोरीवर फुटेल की चांदवडवर, हे आदल्या दिवशी सांगणे आजच्या शास्त्राला शक्य नाही. रडारच्या साहाय्याने जे सांगता येते ते दोन-तीन तास आधी. खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. याचा सरळ अर्थ असा, की अंदाज अक्षरशः खरा ठरला तरी तो ऐकणाऱ्या चार गावांपैकी निदान तीन गावांत काहीच घडत नाही. ती तीन गावे खात्याला खोटे म्हणतात. वस्तुतः खोटे कोणीच बोललेले नसते.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि शेतीसाठी हवामानशास्त्राचा वेगळा विभाग पुण्यात १९३२ मध्ये निघाला. म्हणजे शेतकऱ्याला आभाळाचा अंदाज सांगण्याच्या सरकारी उद्योगाला शतक पूर्ण होत आले. या काळात उपग्रह आले, संगणक आले, गावोगाव स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. अंदाज सुधारला यात संशय नाही. परंतु अनिश्चितता कमी होणे आणि ती नाहीशी होणे यांत मोठे अंतर आहे. ती नाहीशी होणार नाही, असे गृहीत धरूनच व्यवहार आखावा लागेल.

अनिश्चिततेत शहाणपणाने कसे वागावे, याचे गणित अर्थशास्त्रात फार अवघड मानले जात नाही. केवळ उदाहरणादाखल असे धरू, की एखाद्या बागेचे रक्षण करण्यास दहा हजार रुपये लागतात आणि गारा पडल्यास एक लाखाचे नुकसान होते. अशा स्थितीत गारपिटीची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल तर खर्च करणे हितावह ठरते. शक्यता पंधरा टक्के आहे असे समजा. शंभर इशाऱ्यांवर दर वेळी खर्च केला तर दहा लाख रुपये जातील, आणि पंधरा वेळा गारा पडून पंधरा लाखांचे नुकसान टळेल. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की शंभरांपैकी पंच्याऐंशी वेळा केलेला खर्च डोळ्यांना वाया गेलेला दिसेल, आणि तरीही तो करणेच योग्य असेल. ज्याला हे उमगले नाही तो तीन फुकट इशाऱ्यांनंतर चौथ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, आणि बहुधा नेमका तिथेच फसतो.

संपन्न देशही यात फसलेले आहेत. अमेरिकेतील टेक्सास हे उष्ण राज्य. फेब्रुवारी २०११ मध्ये तेथे कडाक्याच्या थंडीने वीजकेंद्रे बंद पडली. त्यानंतर यंत्रणा थंडीपासून सुरक्षित करण्याची शिफारस सरकारी चौकशीतून झाली. परंतु अशी थंडी वारंवार येत नाही, मग खर्च कशाला, या विचाराने ती बव्हंशी कागदावर राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आले तेव्हा पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे व व्यवसाय अंधारात बुडाले आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच देशातील अटलांटा शहरात २८ जानेवारी २०१४ रोजी अवघा दोन-अडीच इंच बर्फ पडला. बर्फ नक्की कोठे पडेल याविषयी मतभेद होते, म्हणून शाळा व कचेऱ्या सकाळी उघडल्या. आणि दुपारी बर्फ दिसताच साऱ्या शहराने एकदम घरची वाट धरली. हजारो माणसे रस्त्यांवर अडकली व कित्येक मुलांनी रात्र शाळेत किंवा बसमध्ये काढली. सौम्य हवामानाचा प्रदेश संकटापेक्षा संकटाच्या दुर्मीळपणाने अधिक मारला जातो, हाच यातील धडा.

परंतु वरील गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शंभर इशाऱ्यांची सरासरी उपयोगाची त्यालाच, जो शंभराव्या इशाऱ्यापर्यंत टिकून राहतो. ज्याच्या गाठीला भांडवल आहे, बँकेत पत आहे, त्याला पंच्याऐंशी वेळा फुकट गेलेला खर्च सोसून पंधरा वेळा वाचलेले पीक हाती घेता येते. ज्याची आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला सरासरी नावाची चीज उपलब्धच नसते. येथे हरसूलचा संबंध येतो.

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरातच्या सीमेकडचे मोठे बाजाराचे गाव. भोवतीच्या पाड्यांवर महादेव कोळी, कोकणा, वारली, काथोडी अशी आदिवासी वस्ती. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंड्याभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. भात, नागली, वरई, खुरासणी ही खरिपाची पिके. ती निघाली की डोंगरउतारावरच्या कोरड्या जमिनीला दुसरे पीक देण्याचे बळ नसते. म्हणून दिवाळीनंतर हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातील हजारो माणसे घराला कडी घालून पूर्वेकडे निघतात. कोणी रोज गाडीने गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात येऊन उभे राहतात, कोणी मुकादमाच्या टोळीबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांत जाऊन बागेच्या कडेला पाल ठोकतात. छाटणीपासून काढणीपर्यंत, शेंडा मारणे, विरळणी, घड औषधात बुडविणे, ही सारी हाताची कामे या माणसांची. नाशिकचे द्राक्ष युरोपच्या बाजारात पोहोचते ते या हातांवरून. त्या चार महिन्यांच्या मजुरीवर हरसूलकडच्या घराचे वर्षाचे मीठमिरची, कापडचोपड, आजारपण आणि लग्नकार्य भागते. बाजारच्या दिवशी हरसूलच्या दुकानदाराचा गल्लाही तिच्यावरच भरतो. निफाडवर पडणारी गार अशा रीतीने घाट चढून हरसूलमध्ये येते. फक्त ती येथे दिसत नाही.

आता गारपिटीचा इशारा आला असता काय होते ते पाहावे. द्राक्ष तयार असेल तर काढणीची घाई उडते, दोन दिवस रात्रंदिवस काम मिळते आणि पुढच्या आठवड्यात मिळावयाचे काम आजच संपून जाते. घड कोवळे असतील तर बागायतदार हात राखून धरतो. फवारणी, बुडवणी पुढे ढकलली जाते आणि टोळीला दोन-तीन दिवस बसवून ठेवले जाते. यात बागायतदाराचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याचेही कर्ज बँकेत आहे आणि औषध मारल्यावर पाऊस आला तर पैसा मातीत जातो. त्याने इशाऱ्याचा मान राखला, हे शहाणपणाचेच झाले. परंतु त्या शहाणपणाचा खर्च कोणी केला? गारा पडल्या नाहीत, बाग वाचली. टोळीची तीन दिवसांची मजुरी मात्र कायमची गेली. सरळ शब्दांत सांगावयाचे तर दुसऱ्याच्या पिकाच्या विम्याचा हप्ता मजुराने आपल्या खाड्यांतून भरला. आणि गारा खरोखरच पडल्या तर? मग बाग मोडते, उरलेल्या हंगामाचे काम संपते आणि टोळी मुकाट्याने पाल उचलून परत फिरते. विम्याच्या व्यवहारात जो हप्ता भरतो त्याला नुकसानीच्या वेळी भरपाई मिळते. हप्ताही भरावा आणि नुकसानही सोसावे, अशी व्यवस्था एकट्या मजुराच्याच वाट्याला आली आहे.

सरकारी मदतीची घडणच अशी आहे, की तीत हा माणूस बसत नाही. आपत्तीनंतर तलाठी व कृषिसहायक पंचनामा करतात तो सातबाराच्या आधारे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के अथवा अधिक असल्यास बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत ठरली. ही रक्कम बागायतदारालाही तुटपुंजी आहे, हे मान्यच करावे लागेल. पण तिला निदान एक रकाना आहे. फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा आहे, गारपिटीसाठी जादा हप्ता भरून जादा संरक्षण आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा ‘महावेध’ प्रकल्प राज्याने हाती घेतला आणि अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. या साऱ्या यंत्रणेला तापमान मोजता येते, पाऊस मोजता येतो, बुडालेले क्षेत्र मोजता येते. बुडालेला रोज मोजण्याची मात्र तिच्यात सोय नाही. निर्यातीच्या द्राक्षाची तर बागवार नोंदणी होते. युरोपात विकल्या गेलेल्या पेटीवरून ते घड कोणत्या बागेतील, हे शोधून काढता येते. तो घड ज्या बाईने विरळला तिचे नाव कोठल्याच वहीत सापडत नाही.

हरसूलकडील शिक्षकांना या अदृश्य नुकसानीचे एक रूप चांगले परिचयाचे असेल. दिवाळीच्या सुटीनंतर शाळेचा पट तोच असतो, हजेरी मात्र रोडावते, कारण आईबापांमागे धाकटी मुलेही पालावर जातात. हंगाम मध्येच मोडला तर ती अर्ध्या सत्रात परत येतात आणि ना तिकडची ना इकडची होतात. त्यातच डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांवर आला म्हणजे बागेत द्राक्षासाठी शेकोट्या पेटविल्या जातात. मण्यांना ऊब मिळावी म्हणून जागणारा माणूस स्वतः प्लॅस्टिकच्या पालात झोपतो, हा विरोधाभास कोणाच्याही ध्यानात येण्याजोगा आहे. विजांचा इशारा असता त्या पालातील कुटुंबाने कोठे जावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही.

यावर उपाय काय? पहिला उपाय स्वस्त आहे. इशारा लोकांना समजेल अशा रीतीने सांगितला गेला पाहिजे. ‘शक्यता आहे’ यापेक्षा ‘दहा गावांपैकी दोन गावांत गारा पडतील, बाकीच्या आठांत पडणार नाहीत’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयोगी आहे. ते शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या दाराशी, आठवडेबाजारात आणि मजूरबाजारात पोहोचले पाहिजे. हंगामाअखेरीस किती इशारे दिले, किती खरे ठरले, याचा जमाखर्च तालुक्यागणिक प्रसिद्ध झाला पाहिजे. लोक अनिश्चितता सहन करतात. लपवाछपवी सहन करीत नाहीत.

दुसरा उपाय रोजगाराचा. या बाबतीत महाराष्ट्राला परक्याकडे पाहण्याची आवश्यकता नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने लक्षावधी माणसांना तगविले. १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राला त्याच वाटेने जावे लागले. पुढे कायद्यांची नावे व दिवसांचे आकडे बदलत राहिले, तरी आपत्तीत माणसाला भिक्षेऐवजी काम द्यावे हे तत्त्व जुने झालेले नाही. मात्र दुष्काळ हळूहळू येतो आणि गार दहा मिनिटांत. म्हणून बागायती तालुक्यात गारपीट झाल्याची नोंद होताच हरसूलसारख्या मजूर पाठविणाऱ्या भागात आठवड्याच्या आत कामे उघडली जावीत, असा नियम हवा. त्यासाठी बांधबंदिस्ती, पाझर तलाव, झरे-विहिरींची दुरुस्ती यांच्या मंजूर कामांची यादी दिवाळीपूर्वीच तयार असली पाहिजे. या डोंगरात पाणी अडले तर उद्या स्थलांतराचीच गरज कमी होईल, हा लाभ वेगळा.

तिसरा उपाय बुडालेल्या रोजाच्या संरक्षणाचा. मजुरांची नोंद कशी करणार, मुकादम खोटी नावे भरतील, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच गैर नाही. परंतु रोज नवा मालक असलेल्या हमालांसाठी याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, मंडळे नेमली आणि मजुरीबरोबर लेव्ही वसूल करण्याची पद्धत बसविली. त्या कायद्याच्या अंमलात दोष शिरले असतील. पण विखुरलेल्या मजुराची नोंद होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. द्राक्षाची बाग जर नोंदविता येते, तर बागेत काम करणारी टोळीही नोंदविता येईल. निर्यातीच्या द्राक्षावर किलोमागे अल्पशी लेव्ही, तेवढीच भर सरकारची, आणि मंडळातील केंद्राने अथवा पंचनाम्याने गारपीट नोंदविली, की नोंदलेल्या मजुराच्या खात्यात ठरावीक दिवसांची मजुरी जमा, अशी योजना अशक्य कोटीतील नाही.

दुसरा आक्षेप बागायतदार घेतील, की आधीच मोडलेल्या आमच्या पाठीवर आणखी ओझे कशाला? त्यांची अडचण खोटी नाही, आणि म्हणूनच गारपिटीच्या वर्षी मोडलेल्या बागांना लेव्हीतून सूट असावी. पण चांगल्या वर्षी दिलेला हा पैसा त्यांच्याही हिताचा आहे. हंगाम मोडताच टोळी कर्जात बुडून दुसऱ्या धंद्याकडे वळली, तर पुढच्या वर्षी कसबी हात कोठून मिळणार? मजूर टिकणे ही बाग टिकण्याची पूर्वअट आहे. याखेरीज कुटुंबाची शिधापत्रिका बागेच्या गावी चालेल याची खातरजमा, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि प्रत्येक मोठ्या बागायती गावात विजा-गारांच्या वेळी आसऱ्याला एक पक्की शेड, ही कामे तर नव्या कायद्याशिवाय होण्याजोगी आहेत.

आभाळ कधी फाटेल हे अचूक सांगण्याची मागणी शास्त्रज्ञांकडे करीत राहावे. पण त्याची वाट पाहत बसू नये. अंदाज अनिश्चित असतो, तेव्हा त्या अनिश्चिततेचा भार कोणी किती उचलावा, हा प्रश्न हवामानशास्त्राचा उरत नाही. तो समाजाने ठरवावयाचा असतो. आज तो न ठरविताच सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन पडला आहे. येत्या हिवाळ्यात गारा पडतील की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. त्या पडल्या काय किंवा न पडल्या काय, आजची व्यवस्था तशीच राहिली तर हरसूलच्या मजुराचे नुकसान होणार, एवढे मात्र आज निश्चितपणे सांगता येते. आणि जे निश्चितपणे सांगता येते त्याची तयारी न करण्यास सरकारलाही कोणती सबब उरत नाही.